वरचे दहा रुपये

राग माझ्या नाकावर असतो, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय आणि ते खरं आहे. हिशेबी स्वभाव मात्र वडिलांकडून आला. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सांगलीत एका कचेरीत हेडक्लार्क होते. मंडईत ते मेथीच्या जुडीचा भाव तीन ठिकाणी विचारायचे आणि शेवटी पहिल्याच बाईकडून घ्यायचे. मी पिशवी धरून मागं मागं. दुकानदार मालाचं कौतुक सांगू लागला की अण्णा मला हळूच म्हणायचे, "त्याची गोष्ट ऐकायची नाही. आकडा विचारायचा." ही शिकवण माझ्या अंगात इतकी मुरली की कुणी काही समजावून सांगायला लागलं की हा आता आपल्या गळ्यात काय मारणार, एवढंच माझ्या डोक्यात यायचं.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. मला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी लागली ती सातारा जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, माण तालुक्यात. म्हसवडला भाड्याची खोली आणि तिथून अकरा किलोमीटरवरच्या वाडीत शाळा. एसटी फाट्यापर्यंत जायची, सकाळी एकदाच, तीही आली तर. फाट्यापासून पुढं चार किलोमीटर पायी. पहिल्या वर्षी मी निम्म्या वेळा प्रार्थना संपल्यावर पोचले असेन. मुख्याध्यापक चांगले होते, पण चांगल्या माणसालाही रोज रोज किती वेळ गप्प बसता येतं! शेवटी वर्षभराच्या पगारातून शिल्लक टाकून मी दहिवडीच्या एका नर्सबाईंची जुनी मोपेड घेतली आणि त्या दिवसापासून मी कधी उशिरा पोचले नाही.

अण्णांना ही नोकरीच पसंत नव्हती. अविवाहित मुलगी, एवढ्या लांब, दुष्काळी भागात, एकटी. "बदली मिळेपर्यंत घरी बस, नाहीतर राजीनामा दे, सांगलीत एखाद्या खाजगी शाळेत बघू," हे दर सुट्टीला ठरलेलं. मला सोडायचं नव्हतं. वाडीतली बरीच घरं मेंढरांमागं चार-सहा महिने बाहेर जायची. मुलीही जायच्या. परत आल्या की त्या शाळेच्या दारात उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत, कारण मागच्या वेळी त्यांना कुणीतरी "आता काय उपयोग" म्हणून हाकललं होतं. मी त्यांना आत घेऊन मागच्या बाकावर बसवायला लागले होते आणि त्यातली एक चार महिने बाहेर राहूनही पाढे विसरली नव्हती. मी गेले तर त्या पुन्हा दारातच उभ्या राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि अण्णांना समजावताना मला हे नीट सांगता यायचं नाही, मी चिडून भलतंच काहीतरी बोलायचे.

म्हणून गाडी टिकणं महत्त्वाचं होतं. आणि ती परवडणंही. "ती फटफटी तुझा पगार खाते," हा अण्णांचा नवा मुद्दा झाला होता, त्याला जागा ठेवायची नव्हती.

म्हसवडच्या स्टँडच्या पुढं रस्त्यालाच एक पत्र्याचं गॅरेज होतं. मालक फौजेतून, तिथल्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आलेले. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे तेही मेजर. गॅरेजची जमीन झाडलेली असायची. भिंतीवर लाकडी फळी आणि तिच्यावर प्रत्येक पान्याच्या आकाराची रंगानं काढलेली रेघ. पाना परत जागेवर गेला नाही तर फळीवर ती रिकामी रेघ दिसायची. हे बघून खरं तर माझ्यासारखीला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, एवढा थाट आहे म्हणजे पैसे जास्त घेणार.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाई, ही गाडी रोज कुटवर जाती?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"त्या रस्त्याला मदतीला कोन न्हाई. मंग जरा टाइम काडा, दोन-चार गोष्टी दावतो. ही बगा, ही केबल हाय ना..."

"मेजर, मला भाषण नको," मी म्हणाले. "आकडा सांगा."

ते थांबले. चिंधीनं हात पुसले, एक एक बोट. मग म्हणाले, "सर्व्हिसिंगचे पंचवीस. दोन केबलीचे येगळे." मी चार रुपये कमी करायला सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं, मी दिले. एवढा फौजी गडी माझ्यापुढं नमला, असा तेव्हा मला उगाच गर्व झाला. भाव कमी झाला नव्हता, तरी.

त्यानंतर दर महिन्याला मी गाडी लावायचे. सकाळी लावली की दुपारी तयार. ते एक शब्द जास्त बोलायचे नाहीत आणि मीही विचारायचे नाही. फक्त एका गोष्टीचा मला वैताग यायचा. गाडी परत आली की जागोजागी नटांवर लाल ठिपके पडलेले असायचे. चाकाच्या नटावर, ब्रेकपाशी, हँडलखाली. एवढा टापटिपीचा माणूस आणि रंग सांडतो कसा? रविवारी मी चिंधी रॉकेलात बुडवून ते घासून काढायचे, गाडी चकचकीत करायचे. पुढच्या महिन्यात ठिपके परत हजर.

असं आठ-नऊ महिने चाललं. मग मार्चमध्ये भडका उडाला.

मी गाडी न्यायला गेले होते. माझ्यापुढं एक दूधवाला होता, त्याचीही मोपेडच, माझ्याच बनावटीची. मेजरांनी त्याला म्हटलं, "पंदरा." त्यानं पंधरा रुपये दिले आणि गेला. मी विचारलं, "काय केलं त्याच्या गाडीचं?" मेजर म्हणाले, "सर्व्हिसिंग." मग मला म्हणाले, "तुमचे पंचवीस."

माझ्या डोळ्यांपुढं आठ-नऊ महिन्यांचे वरचे दहा-दहा रुपये उभे राहिले. त्यात आदल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं की ॲक्सिलेटरची केबल जुनीच आहे. नर्सबाईंच्या काळात ती एका जागी सोलली होती आणि त्यांनी तिथं पांढरी चिकटपट्टी लावली होती. ती पट्टी तशीच होती. म्हणजे दोन केबलींचे पैसे घेतले आणि केबल घातलीच नाही.

मी बोलायला सुरुवात केली. बाहेर पंक्चर काढायला थांबलेले दोघं आत डोकावले, चहावाला आला. मी बाईमाणूस, परगावची, म्हणून मला लुबाडता का? न घातलेल्या केबलीचे पैसे घेता? फौजेत हेच शिकवलं का? "चोर" हा शब्दही मी वापरला. तो आठवला की आजही माझे कान गरम होतात.

"बाई," मेजर म्हणाले, "ती केबल..."

"मला भाषण नको!" मी म्हणाले, पंचवीस रुपये त्यांच्या स्टुलावर आपटले आणि गाडी घेऊन निघाले. नंतर दोन महिने मी त्या रस्त्यानं जाताना मान दुसरीकडं करायचे. गाडी कुणालाच दाखवली नाही. फक्त ठिपके एकदा शेवटचे घासून काढले, चांगले जोर लावून.

त्या वेळी मी रागाच्या भरात अण्णांना पत्र लिहिलं आणि सगळं कळवलं. यासारखा मूर्खपणा नाही. अण्णांचं उत्तर उलट टपाली आलं ते अगदी मुद्देसूद: उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी सांगलीला आण. आपल्या मिस्त्रीला दाखवू. तो म्हणाला की तुला लुबाडलंय आणि गाडीची वाट लावलीय, तर गाडी इथंच विकायची आणि राजीनामा पाठवायचा. मी लिहिलं, चालेल. माझंच बोलणं माझ्या गळ्याशी आलं होतं, आता माघार कशी घ्यायची?

मे महिन्यात हमालानं मोपेड एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टरनं आधी टाकीतलं पेट्रोल काढायला लावलं, ते मी एका बाटलीत काढून चहावाल्याला दिलं. आटपाडी, विटा करत एसटी सांगलीला पोचेपर्यंत मी दर थांब्याला खाली उतरून टपाकडं बघत होते. आणि सगळा रस्ता मनात एकच चाललेलं. मिस्त्री म्हणाला की मेजर चोर, तर माझं खरं ठरणार आणि शाळा सुटणार. मिस्त्री म्हणाला की मेजर चोर नाही, तर शाळा राहणार आणि चारचौघांत एका भल्या माणसाला मी चोर म्हटलं, हे खरं ठरणार. मला काय हवं होतं ते मला सांगता आलं नसतं.

अण्णांच्या मिस्त्रीचं गॅरेज मार्केट यार्डाच्या मागं होतं. तिथं सगळ्यावर हळदीचा पिवळा धुरळा असतो, गाड्यांवर, पान्यांवर, मिस्त्रीच्या भुवयांवरसुद्धा. अण्णा वीस वर्षं त्यांच्याकडं स्कूटर देत होते, आणि वीस वर्षं भाव करत होते.

"मिस्त्री," अण्णा म्हणाले, "ह्या गाडीला दर महिन्याला पंचवीस रुपये सर्व्हिसिंग घेतलंय. वर दोन केबली घातल्या म्हणून पैसे घेतलेत आणि घातलेल्या नाहीत. नीट बघा आणि खरं ते सांगा. तुमच्या शब्दावर बरंच अवलंबून आहे."

मिस्त्रींनी पुढच्या दिव्याचं कव्हर काढलं. आत केबलींवर काळ्या टेपचं जाडसर वेटोळं होतं. त्यांनी ब्लेडनं ते हलकेच कापलं. आतून एकीच्या जागी दोन केबली निघाल्या, अंगाला अंग लावून झोपलेल्या. पांढऱ्या चिकटपट्टीवाली जुनी. आणि तिच्या शेजारी कोरी करकरीत नवी, तिचं टोक ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या तुकड्यात दोऱ्यानं बांधलेलं. मागच्या ब्रेकलाही तसंच.

मिस्त्री आणखी जवळ वाकले. मग नवी केबल दोन बोटांत धरून मागंपुढं ओढली. ती लोण्यासारखी सरकली.

"हे कुणाचं काम वो?" त्यांनी विचारलं.

"का? काय झालं?" अण्णा.

"ही चालू केबल, ही जादा. रस्त्यात चालू केबल तुटली तर ह्या बाजूचं टोक सोडवायचं, हे अडकवायचं. पाना लागत न्हाई. एकटं माणूस धा मिनटात गाडी चालू करतंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि ही जादा केबल दर महिन्याला कुणीतरी काढून, तेल घालून परत बांधलीय. न्हाईतर असली केबल पडून पडून आत गंजती."

मग ते खाली बसले. मागच्या चाकाच्या नटावर त्यांनी अंगठा फिरवला. "हितं लाल काहीतरी हुतं. कुणी पुसलं?"

"मी," मी म्हणाले.

"कशाला पुसलासा?"

ते सांगू लागले, आणि या वेळी मी ऐकलं. ठिपका निम्मा नटावर आणि निम्मा खालच्या पत्र्यावर द्यायचा. नट जरासा जरी फिरला तर ठिपक्याचे दोन भाग इकडंतिकडं होतात. लांबून नुसतं बघितलं तरी कुठला नट सैल झालाय ते कळतं. "मिलिट्रीत करत्यात असं. बायकांच्या नखाला लावायचं पॉलिश हाय हे," मिस्त्री म्हणाले. असं म्हणत त्यांनी ब्रेकच्या दांडीचा नट चिमटीत धरला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी, तो पूर्ण एक वेढा फिरला.

दोन महिने मी त्या ब्रेकवर म्हसवड ते वाडी जात होते, उतारानं, मागच्या सीटवर कधी वह्यांचा गठ्ठा, कधी एखादी मुलगी घेऊन.

अण्णा एवढ्यावर थांबणारे नव्हते. "ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण पंचवीस रुपये? तुम्ही वीस घेता."

"घेतो की," मिस्त्री म्हणाले. "पर साहेब, मी हे करत न्हाई."

अण्णांनी त्यावर भाव केला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच. मिस्त्रींनी सगळे नट आवळून दिले आणि बघायचे कसले पैसे म्हणून काही घेतलं नाही. येताना गाडी अण्णांनीच ढकलत आणली, मला हात लावू दिला नाही. रसाच्या गाड्यापाशी ते थांबले आणि दोन ग्लास सांगितले.

"त्या मेजरला काही बोललीस का?" त्यांनी विचारलं.

"बोलले. चोर म्हणाले. लोकांसमोर."

अण्णांनी ग्लास संपवला. त्यांची चूक कबूल करायची एक पद्धत होती, ते समोर न बघता बोलायचे. "जूनमध्ये गेलीस की आधी त्याच्याकडं जा," ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "आणि तो काय सांगत होता ते सगळं ऐकून घे." राजीनाम्याचं नाव त्यांनी त्या सुट्टीत काढलं नाही आणि नंतरही नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, मी गाडी घेऊन मेजरांच्या पत्र्यापुढं उभी राहिले. सांगलीहून येताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. "मेजर, माझं चुकलं," एवढंच तोंडातून आलं आणि पुढं मला रडू आलं. मला रडायला मुळीच आवडत नाही, त्यातून गॅरेजमध्ये.

"आवं बाई, बसा," ते म्हणाले आणि ऑइलचा डबा उपडा करून त्यावर कागद टाकला. चहा सांगितला. मार्चमधला तोच चहावाला चहा घेऊन आला आणि जरा जास्तच वेळ रेंगाळला. त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी परत एकदा म्हणाले, "मेजरांनी केबल घातली होती. मला दिसली नव्हती." मेजर चिंधीनं हात पुसत राहिले, एक एक बोट. मग म्हणाले, "झालं ते झालं. लय मनावर घिऊ नगा."

"मेजर," मी म्हणाले, "पहिल्या दिवशी काय सांगत होता, ते आता सांगा."

त्यांनी सांगितलं. तासभर तरी लागला असेल. केबल कशी बदलायची ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं, तिसऱ्या वेळी डोळे मिटून. जादा केबलीला तेल कसं पाजायचं, ठिपके कुठं कुठं द्यायचे, रविवारी कुठल्या क्रमानं गाडी बघायची. पुढच्या चाकापासून सुरुवात, मागच्या चाकाशी शेवट, मधे कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. "फौजेत ह्याला मेंटेनन्स परेड म्हनत्यात," ते म्हणाले. फौजेत माणसांची आधी होते का गाड्यांची, असं मी विचारलं, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

मग त्यांनी सर्व्हिसिंग केलं. मी पर्समधून पंचवीस रुपये काढून पुढं केले.

"पंदरा," मेजर म्हणाले आणि दहाची नोट परत दिली.

"असं नको. पंचवीसच घ्या. मला आता कळलंय ते कशाचे होते."

"न्हाई कळलं," ते म्हणाले. "सर्व्हिसिंगचे सगळ्यांस्नी पंदराच. वरचे धा ह्या परेडचे हुते. त्यो दूधवाला, बाकीची मानसं, समदी घरी सोता करत्यात, मी शिकीवलंय त्यास्नी. तुमाला शिकवाया गेलो तर तुमी आकडा इचारला. मंग तुमची मीच करत हुतो. आता तुमी करनार, मग मी पैसे कशाचे घिऊ?"

मी ती दहाची नोट हातात धरून उभी राहिले. आठ-नऊ महिने दर महिन्याला मी ऐकून न घेण्याचे दहा रुपये भरत होते, आणि त्या दहा रुपयांत हा माणूस माझी गाडी, आणि गाडीवरची मी, शाबूत ठेवत होता. मी चोर म्हटल्यावर दोन महिने कुणी ते केलं नाही आणि नट बोटांनी फिरला. यापेक्षा वाजवी दर मी आयुष्यात कुठं भरलेला नाही.

त्या वाडीत मी पुढं नऊ वर्षं होते. मेंढरांमागं जाणाऱ्या मुलींपैकी तिघी चौथी पास होऊन म्हसवडच्या हायस्कुलात गेल्या. केबल दोनदा तुटली, दोन्ही वेळा भर माळावर, आणि दोन्ही वेळा मी प्रार्थनेच्या आधी शाळेत होते. दोन्ही वेळा हात काळे झालेले बघून मुख्याध्यापकांनी साबण पुढं केला. मेजरांचे उपकार कशानं फिटतील ते मला कळलं नाही, आणि ते फिटावेत असं वाटतही नाही. अजूनही कुणी काही समजावून सांगायला लागलं की माझ्या जिभेवर "आकडा सांगा" येतं. मग मी गप्प बसते आणि ऐकते.

त्या जूनच्या दिवशी मी पंधराच रुपये दिले. परत आलेली दहाची नोट घेऊन तशीच बाजारात गेले आणि बांगड्यांच्या दुकानात लाल नेलपॉलिशची बाटली मागितली. दुकानदारीण माझ्या साध्या साडीकडं आणि हातांकडं बघून गालात हसली. "लग्न ठरलं व्हय बाई?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. खोलीवर येऊन दाराशी बसले, पुढच्या चाकापासून सुरुवात केली, आणि मागच्या चाकापर्यंत येईतो बाटली निम्मी संपली होती.